जुन्या सागवानी किचन कपाटांना नवं पॉलिश: घरच्या घरी, पण घाई न करता

घराचं रंगकाम निघालं की स्वयंपाकघरातली जुनी लाकडी कपाटं पहिल्यांदा भंगारात जातात. दारांवर फोडणीच्या तेलाचा चिकट थर बसलेला असतो, मुठींभोवती काळपट डाग पडलेले असतात, सिंकखालच्या दाराचं पॉलिश उडालेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, "काढून टाका, मॉड्युलर करून घ्या." सुतारानं घरी बसून केलेली ती दारं पंचवीस-तीस वर्षं वाफ, पाणी आणि हळद सोसून अजून सरळ उभी असतात. तरी ती काढून आपण भुशाच्या फळीची, वर कागदी थर चिकटवलेली दारं बसवतो. मला हे अजिबात पटत नाही. बहुतेक वेळा खराब झालेलं असतं ते फक्त वरचं पॉलिश, आतलं लाकूड ठणठणीत असतं.

ते पॉलिश काढून लाकडाला पुन्हा रंग आणि संरक्षण देणं घरी नक्की जमतं. मात्र यातलं तीन चतुर्थांश काम धुण्याचं आणि घासण्याचं आहे, ब्रश हातात येतो तो शेवटी. ही मेहनत नको असेल तर चांगला पॉलिशवाला गाठा, त्यात कमीपणा काही नाही. करायचंच ठरवलं असेल तर पुढचं सगळं सावकाश वाचा.

आधी कपाट कशाचं आहे ते बघा

स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लागतो तो लाकडाला. सनमायका, पीव्हीसीचा पातळ पडदा चढवलेला एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) किंवा छापील कागद यांना कितीही घासलं तरी स्टेन धरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. दार उघडून त्याची वरची कड बघा. समोरच्या रेषा कडेवरून पुढे गेलेल्या दिसल्या आणि आडव्या कापावर वर्षवलयांच्या कमानी दिसल्या, तर ते भरीव लाकूड. कडेला वेगळी पट्टी मारलेली असेल किंवा प्लायचे थर दिसत असतील आणि समोर मात्र सागाच्या रेषा असतील, तर ते विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर. आणि तीच गाठ, तीच रेष दोन-तीन दारांवर हुबेहूब दिसली तर ते छापील आहे. अशा दारांवर वेळ घालवू नका.

विनियरवर काम करता येतं, पण जपून. त्यातला खऱ्या सागाचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, कधी त्याहूनही कमी. मशीन एका जागी चार सेकंद जास्त टेकलं की खालचं प्लाय उघडं पडतं आणि त्यावर उपाय नाही. म्हणून विनियर हातानंच घासायचं, १८० नंबरपेक्षा जाड पॉलिश पेपर त्याला लावायचाच नाही (नंबर जितका लहान, तितका पेपर खरखरीत).

याच वेळी प्रत्येक दार ठोकून, सिंकखालच्या फळीत सुरी टोचून बघा. पोकळ आवाज आला, सुरी सहज आत गेली किंवा टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांतून पिठासारखा भुसा पडत असला, तर आधी वाळवीचा किंवा किड्याचा बंदोबस्त करा. पॉलिश नंतर.

वर आधी काय लावलंय?

दाराची बिजागरीकडची कड लपलेली असते, तिथे परीक्षा घ्या. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर ठेवा. थर चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी रंग आला, तर ते चपडा लाखेचं जुनं फ्रेंच पॉलिश आहे. जुन्या घरांत बहुधा हेच सापडतं. स्पिरिटनं काही झालं नाही तर दुसऱ्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा बोळा ठेवा, त्यानं विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) हे टणक पारदर्शक थर समजा. ते घासूनच काढावं लागतं.

दारांवर जुना ऑइल पेंट असेल तर वेगळा विचार करा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये आले आणि २०१७ च्या अखेरीपासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की ते धुळीतून घरभर पसरतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर असा रंग घरात घासू नका. दारं उतरवून बाहेर कामाला द्या.

पेंट रिमूव्हर घेताना डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. त्यात डायक्लोरोमिथेन, म्हणजेच मिथिलीन क्लोराईड असेल तर तो ठेवून द्या. बंद जागेत त्याच्या वाफेनं माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ पासून घरगुती वापरासाठी अशा रिमूव्हरची विक्रीच बंद आहे.

दिवस आणि जागा

पावसाळ्यात हे काम काढू नका. कोकणात आणि मुंबईत तर जून ते सप्टेंबर विचारही नको. स्पिरिट किंवा थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पॉलिशवर दुधासारखी पांढुरकी झाक येते. दिवाळी उरकल्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. भर उन्हातही हात मारायचा नाही, वरचा थर आधी वाळतो आणि खाली अडकलेल्या वाफेचे बुडबुडे येतात. सावलीची, वारा वाहता असलेली गॅलरी किंवा गच्ची हवी.

स्वयंपाकघरात गॅस असतो हे क्षणभरही विसरू नका. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. दारं बाहेर नेता येतात, पण चौकटी जागेवरच रंगवाव्या लागतात. त्या दिवशी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, देवाजवळचा दिवा बंद, फ्रीजचा प्लग काढलेला, खिडक्या सताड उघड्या. स्वयंपाक त्या दिवशी शेजारी किंवा बाहेरून. घासताना एन-९५ मास्क पुरतो. थिनरच्या वाफेला मात्र तो काहीच अडवत नाही, त्यासाठी कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. स्पिरिटमध्ये बहुधा विषारी मिथेनॉल मिसळलेलं असतं, म्हणून हातमोजे घाला.

घर चालू ठेवायचं असेल तर एकदम सगळी दारं काढू नका. आधी भिंतीवरची कपाटं पूर्ण करा, मग ओट्याखालची. वरच्या कपाटांचा भुसा आणि थेंब खालच्या ताज्या पॉलिशवर पडायला नकोत.

उतरवणं आणि धुणं

स्क्रू काढण्याआधी प्रत्येक दाराला नंबर द्या. तो कागदी टेपवर नको, टेप पहिल्याच धुण्यात निघते. बिजागरी जिथे बसते त्या खाचेत जाड पेन्सिलीनं लिहा, आणि समोरच्या चौकटीच्या खाचेतही तोच नंबर. त्या जागा आपण घासत नाही, त्यामुळे आकडा शेवटपर्यंत टिकतो. प्रत्येक दाराच्या बिजागऱ्या, मुठी आणि स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवून तिच्यावरही नंबर घाला. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेलं दार त्याच चौकटीत नीट बसतं, शेजारच्या नाही.

आता धुणं. तेल राहिलं आणि वरून पेपर मारला, तर पेपर ते तेल लाकडात आणखी खोल दाबतो, आणि मग त्या जागी ना स्टेन धरतो ना पॉलिश. कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण टाका. स्पंज पिळून घ्या, दार न्हाऊ घालू नका. दोनदा पुसा, मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं. धुण्याचा सोडा वापरण्याचा मोह होईल, तो टाळा. उघड्या पडलेल्या सागावर सोड्यानं काळपट डाग येतात. दार पूर्ण वाळलं की टर्पेंटाइनचं फडकं फिरवा. फडकं पिवळं येईनासं होईपर्यंत बदलत राहा, मुठीभोवती पाच-सहा वेळा लागतं.

कपाटं कधी सिलिकॉनच्या फवारणी पॉलिशनं चमकवली असतील, तर हा टप्पा आणखी महत्त्वाचा. सिलिकॉन थोडं जरी उरलं तरी नवीन थर तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

जुना थर काढणं

लाखेचं पॉलिश असेल तर ते घासत बसू नका, पेपर दोन मिनिटांत गच्च होतो. एक फूटभर भाग स्पिरिटनं ओला करा, वर प्लास्टिक टाकून पाच मिनिटं थांबा. थर मऊ झाला की लोखंडी स्क्रेपरनं रेषेच्या दिशेनं ओढून काढा. जुने पॉलिशवाले काचेचा तुकडा वापरतात आणि त्यांच्या हातात तो उत्तम चालतो. घरी मात्र पातळ पोलादी पत्रा बरा. उरलेलं स्पिरिटच्या फडक्यानं पुसून घ्या.

मग पेपर. भरीव लाकूड असेल आणि थर टणक असेल तर ८० नंबरनं सुरुवात, पुढे १२०, १८० आणि शेवटी २२०. एकही नंबर गाळू नका. ८० च्या ओरखड्यांवर एकदम २२० फिरवला तर हाताला गुळगुळीत लागतं, पण स्टेन लागताच सगळे ओरखडे काळ्या रेघा होऊन वर येतात. प्रत्येक नंबर सुरू करण्याआधी पृष्ठभागावर पेन्सिलीनं हलक्या नागमोडी रेघा मारा. त्या सगळ्या पुसल्या गेल्या की त्या नंबरचं काम झालं. धूळ झाडून पुढच्या नंबरला पुन्हा रेघा. यात अंदाजाला जागा उरत नाही.

पेपर लाकडी गुटक्याला गुंडाळून, नेहमी रेषेच्या दिशेनंच चालवायचा. चौकटीच्या दारात उभी आणि आडवी पट्टी जिथे भेटते तिथे दिशा बदलते. आधी आडवी घासा, शेवटचे हात उभीवर द्या, म्हणजे आडवे ओरखडे निघून जातात. गोलाईच्या नक्षीत पेपर सुतळीसारखा वळून घाला. कडा आणि कोपरे हलक्या हातानं, तिथलं लाकूड भराभर उतरतं.

स्टेन द्यायचा असेल तर २२० ला थांबा. हौसेनं ४०० पर्यंत गेलात तर लाकूड आरशासारखं होतं, छिद्रं मिटतात आणि स्टेन वरच्या वर पुसला जातो. अपवाद एकच, आडवा कापलेला काठ. तो जास्त रंग पितो आणि काळा दिसतो, म्हणून तेवढा ३२० पर्यंत न्या.

शेवटी तिरक्या उजेडात, मोबाइलचा टॉर्च दाराला चिकटवून, एकदा नजर टाका. जुन्या पॉलिशचं चकाकणारं बेट कुठे राहिलं असेल तर ते आत्ताच दिसेल.

भोकं, भेगा, फुगे

इथे बहुतेकांचं चुकतं. सुतारकामात फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून भेग भरायची सवय आहे. रंगाखाली ते चालतं. स्टेनखाली नाही, कारण वाळलेला फेविकॉल स्टेन पीतच नाही आणि भेगेच्या जागी फिकट पट्टा कायमचा दिसत राहतो. सांध्यातून बाहेर आलेला गोंद बोटानं पुसला असेल तर त्या बोटाचा माग सुद्धा दिसतो. गोंद ओल्या फडक्यानं लगेच, पूर्ण पुसा. भेगांसाठी स्टेन केल्यानंतरच्या छटेची तयार वुड फिलर आणा आणि आधी मागच्या बाजूला जुळवून बघा. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकांत मात्र फेविकॉलच हवा. गुल उडवलेल्या काडेपेटीच्या दोन-तीन काड्या गोंदात बुडवून ठोका, दुसऱ्या दिवशी सपाट कापा, स्क्रू पुन्हा घट्ट बसतो.

विनियर फुगलं असेल तर धारदार ब्लेडनं रेषेच्या दिशेनं चीर द्या, सुरीच्या टोकानं फेविकॉल आत सरकवा, वर बटर पेपर ठेवून लाकडी ठोकळ्यानं रात्रभर दाबा.

सागाची छिद्रं मोठी आणि उघडी असतात. काचेसारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर ती भरावी लागतात. खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून आडवी घासायची पद्धत जुनी आहे. त्या भुकटीत गेरू आणि थोडी काजळी घालून ती सागापेक्षा एक छटा गडद करा. पांढरी भरली तर पुढे छिद्राछिद्रांत पांढरे ठिपके दिसतात. मला स्वतःला छिद्रं उघडी ठेवलेला साग जास्त आवडतो. हात फिरवला की लाकूड आहे हे कळतं आणि कामही एका दिवसानं वाचतं.

स्टेन

स्टेन म्हणजे फक्त रंग, संरक्षण नव्हे. चांगल्या, एकसारख्या सागाला तो लागतोच असं नाही, नुसत्या पारदर्शक थरानंही सोनेरी तपकिरी रंग खुलतो. थिनरचं फडकं फिरवून बघा, ओल्या लाकडाची जी छटा दिसते तीच साधारण शेवटी दिसते. ती आवडली तर स्टेन गाळा. पण बाहेरच्या बाजूचं फिकट लाकूड आणि गाभ्याचं गडद लाकूड एकाच दारात शेजारी असेल, किंवा एखादी पट्टी नवी बसवली असेल, तर स्टेननं ते जुळवून घेता येतं.

एका दाराच्या मागच्या बाजूला दोन-तीन छटांचे पट्टे ओढा, त्यावर सीलर (लाकडाची छिद्रं बंद करणारा खालचा पारदर्शक थर) आणि वरचा थरही लावा, आणि तो पट्टा सकाळच्या उजेडात आणि रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बघा. एलईडीखाली लालसर छटा वेगळीच दिसते. दुकानातल्या कार्डावर विसंबू नका. गडद अक्रोडी छटा फोटोत छान दिसते, पण लहान, एका खिडकीच्या स्वयंपाकघरात ती अंधार करते. मी मधली छटा सुचवेन.

साग तेलकट असतो. स्टेन लावण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून, तो उडाला की लगेच कामाला लागा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. पाण्याचा स्टेन वापरणार असाल तर आदल्या दिवशी ओलं फडकं फिरवा, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू २२० नं हलके कापा. रबरवूड किंवा पाइनची दारं असतील तर आधी पातळ केलेल्या सीलरचा एक हात द्या, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो.

डबा आधी तळापासून ढवळा. रंगाचा गाळ खालीच बसलेला असतो. दोन डबे असतील तर एकत्र करा. सुती बनियनचा तुकडा बुडवून, पिळून, एक पूर्ण पट्टी एका दमात रंगवा. दोन-तीन मिनिटांनी कोरड्या फडक्यानं रेषेच्या दिशेनं जास्तीचा स्टेन पुसून घ्या. न पुसलेला स्टेन चिकट राहतो आणि वरचा थर सोलून निघतो. अर्ध्यावर फोन घ्यायला गेलात तर जिथे थांबलात तिथे जोडाची रेघ राहते. म्हणून एक दार संपवूनच उठा.

तेलाच्या स्टेनची किंवा अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावून वाळताना उष्णता सोडतं आणि असा बोळा काडी न लावता पेट घेतो. फडकी पाण्याच्या बादलीत टाका किंवा दोरीवर एकेक सुटी वाळत घाला.

वरचा थर

स्वयंपाकघरात सगळा भरवसा या थरावर असतो. फ्रेंच पॉलिशची मला ओढ आहे, एक लिटर स्पिरिटला सुमारे १४० ग्रॅम चपडा भिजवून केलेल्या पॉलिशची ऊब दुसऱ्या कशाला नाही. पण गरम भांडं, पाणी आणि साबण या तिन्हींपुढे लाख हरते. म्हणून ती बाहेरून लावू नका. कपाटांच्या आत आणि ड्रॉवरमध्ये जरूर लावा. तेलाच्या व्हार्निशचा वास बंद कपाटात महिनोन्महिने कोंडून राहतो आणि पोहे-रव्याला लागतो. लाख वाळली की वास राहत नाही, उलट जुना कुबट वासही ती दाबते.

बाहेरून मेलामाइन किंवा दोन डब्यांचं (हार्डनर वेगळा मिसळायचं) पीयू सगळ्यात टणक, पण ती स्प्रेची कामं आहेत. मेलामाइनमधून फॉर्मल्डिहाइड निघतो, दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. घरात मी ती करायला सांगणार नाही. हवीच असतील तर घासून, स्टेन करून तयार केलेली दारं स्प्रेवाल्याकडे न्या. मोठं काम तुम्ही केलेलं असल्यानं खर्च आटोक्यात राहतो.

घरी ब्रशनं करायचं तर एका डब्याचं पीयू घ्या. तेलाचं असेल तर किंचित पिवळसर ऊब येते, ते चिवट असतं, पण वास बरेच दिवस राहतो. पाण्याचं असेल तर वास कमी, लवकर वाळतं, छटा थंड दिसते. तेलाच्या स्टेनवर ते लावण्याआधी स्टेन पूर्ण वाळू द्या. चकचकीतपेक्षा सॅटिन बरं, बोटांचे ठसे कमी दिसतात. मध्ये लाखेचा हात देणार असाल तर मेण काढलेली लाखच वापरा, साध्या चपड्यातल्या मेणावर पीयू नीट धरत नाही.

किती लागेल? दीड फूट बाय दोन फुटांची १२ दारं दोन्ही बाजूंनी धरली तर ७२ चौरस फूट, चौकटी आणि कडा धरून १०० च्या आसपास. हातानं लावताना लिटरभरात साधारण १०० चौरस फुटांचा एक हात होतो, म्हणजे तीन हातांना तीन लिटर.

दार आडवं ठेवा. प्लायच्या तुकड्यात खालून वर टोकं बाहेर येतील असे स्क्रू मारून चार टोकदार पाय करा, त्यांवर दार टेकवलं की मागची बाजू ओली असतानाही उलटता येतं. आधी मागची बाजू, मग समोरची. आधी कडा आणि नक्षी, मग सपाट भाग. पहिला हात थोडा पातळ करून द्या. ब्रश निम्माच बुडवा, डब्याच्या काठावर खरवडू नका, बुडबुडे होतात. शेवटचा फिरवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ब्रश जवळजवळ आडवा धरून, दाब न देता. आणि मग त्याला हात लावू नका. अर्धवट वाळलेल्या थरावर राहिलेली जागा सुधारायला गेलं की ब्रशच्या खुणा कायमच्या बसतात.

दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, थंडीत त्याहून जास्त. मग ३२० चा पेपर अगदी हलका, फक्त धुळीचे खडे काढण्यापुरता. पांढरी पूड पडली तर थर वाळलाय. पेपर चिकटला तर थांबा. स्टेनच्या खोलीपर्यंत घासू नका, कडेला फिकट लाकूड उघडं पडतं. शेवटच्या हाताआधी ४००. सिंकखालच्या दारांच्या खालच्या कडेला एक हात जास्तीचा द्या, पाणी तिथूनच आत शिरतं.

परत बसवल्यावर

हाताला कोरडं लागणं आणि थर पूर्ण मुरणं यात बरेच दिवसांचं अंतर असतं. दारं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसवता येतील, पण आठवडाभर ओल्या फडक्यानं पुसू नका. दार आणि चौकट चिकटू नयेत म्हणून रबराची छोटी बटणं लावा. बिजागऱ्या जुन्या पितळी असतील तर बदलू नका, चिंच-मिठानं घासून, धुऊन, कोरड्या करून लावा.

रोजच्या पुसण्याला पिळलेलं फडकं आणि साबणाचा थेंब पुरे, घासणीचा हिरवा स्पंज दूर ठेवा. हळदीचा डाग राहिलाच तर दार काही दिवस उन्हाच्या कवडशाकडे उघडं ठेवा, हळदीचा रंग उन्हानं उडतो. दोन-चार वर्षांनी मुठींभोवतीचा थर आधी झिजेल. लाकूड उघडं पडण्याआधी तेवढाच भाग धुऊन, ४०० नं खरखरीत करून एक हात द्या, पूर्ण दार पुन्हा काढावं लागणार नाही. त्यासाठी उरलेला स्टेन आणि पीयू लहान, काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटल्यांत ठेवा, आणि वर छटेचं नाव, मिसळलेलं प्रमाण आणि तारीख लिहून चिकटवा.